कपारीत सुटलेलं मौन

नाव सुटली आणि चारुशीलेला हाक मारता येईना!

घाटाच्या वर, चिंचेखाली सोडलेल्या बैलगाडीत बेलाची परडी राहिली होती. ती आणायला चारू धावत गेली, धावत आली, आणि बघते तर काय... नाव चांगली दोन बांबू आत गेलेली. नावेच्या ह्या टोकाला गोदाआत्या, त्या टोकाला बाबा. मध्ये शेजारणी, पातेली, केळीच्या पानांचा भारा आणि कुणाकुणाची रडकी पोरं. आत्याला वाटलं असणार, पोरगी बापाजवळ बसलीय. बाबांना वाटलं असणार, आत्याजवळ. नावाड्यानं बांबू रेटला आणि कृष्णामाईनं नाव अलगद आपल्या ओंजळीत घेतली.

चारूनं तोंड उघडलं... आणि मिटलं.

बोलायचं कसं? आषाढी एकादशीला तिनं नेम धरला होता. रोज महादेवाच्या पिंडीवर बेल वाहिल्याखेरीज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. एरवी सकाळी उठून देवळात जायचं, बेल वाहायचा, की झालं. पण आज नवमी. पहाटेच इस्लामपूर सोडलेलं. बेटावरच्या महादेवाला जायचं, तिथंच पूजा करायची आणि आवळीच्या झाडाखाली जेवायचं. वर्षाचं आवळीभोजन! कार्तिकी एकादशी दोन दिवसांवर आली होती. चार महिने सांभाळलेलं मौन आता ह्या काठावर, एका हाकेसाठी मोडायचं?

तिनं परडी उंच धरून हलवली. पदर हलवला. नावेतल्या बायकांनी कृष्णेची आरती सुरू केली होती. मागे वळून बघायला कुणाला सवड होती?

"आगं ए पोरी! नाव ग्येली की तुजी!"

खडकावर धुणं धूत बसलेली साळूबाई कंबरेवर हात देऊन उभी राहिली. घाटालगतच्या मळ्यातली ती म्हातारी. आवाज असा, की पलीकडल्या काठाची वासरं वळावीत.

"आन् अशी मुकी का गं? वरड की! म्या वरडू व्हय?" ती ओरडलीही. पण वारा तिकडून इकडे होता.

चारूनं ओठांवर बोट ठेवलं, परडीतला बेल दाखवला, हात जोडले.

"आस्सं! मौन हाय व्हय?" साळूबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. "आमच्या नणंदंचंबी व्हतं एक साल. काय सांगू बाई, त्ये चार म्हयनं घरात सणावानी ग्येलं!"

चारूला रडू येत होतं, त्यातच हसूही आलं.

"नाथा! आरं नाथाजी! हिला पल्याड सोडायची हाय रं!"

साळूबाईचा लेक नाथाजी मळ्यातून खाली आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "नाव आता दुपार कलल्याबिगर येत न्हाई. नावाडीबी तिकडंच पंगतीला बसतूय. काहिलीतनं सोडू का?"

काहील म्हणजे गूळ करायची ती प्रचंड पसरट कढई. पुराच्या दिवसांत इकडची माणसं तिच्यात बसून नदी पार करतात, हे चारूनं ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं!

"भवऱ्यावानी फिरती, पर बुडत न्हाई बगा," नाथाजीनं धीर दिला. "पोटातलं तेवडं वर येतं."

चारूनं मान इतक्या जोरानं हलवली की वेणीतली शेवंती गळून पडते की काय असं झालं. ती दोन पावलं मागे सरली... आणि तिच्या टाचेजवळ काहीतरी हललं.

लांबट. काळं. ओलं, चकचकीत. वाळूवर पालथं पडलेलं.

मगर!

सांगलीकडच्या मगरींच्या गोष्टी ऐकतच ती वाढलेली. किंकाळी अगदी गळ्याशी आली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, डोळे गच्च मिटले आणि मनात म्हणाली, "देवा शंभो, खायचंच असेल तर खाऊ दे, पण मौन मोडायला लावू नकोस!"

"अहो, पाय जरा उचलता का? डांबर ओलं आहे."

मगर शुद्ध भाषेत बोलत होती.

चारूनं एक डोळा उघडला. त्या काळ्या लांबट वस्तूखालून एक माणूस सरपटत बाहेर येत होता. पंचविशीचा असेल. उन्हानं रापलेला, गळ्यात जानवं, नाकाच्या शेंड्यावर डांबराचा ठिपका. तिच्या तोंडातला पदराचा बोळा बघून तो जागीच थबकला.

"हे आगबोटवाले," नाथाजीनं ओळख करून दिली. "दर्यावर व्हते. माज्या इंजनाचं दुखणं ह्येंनीच काडलं. आन् ह्यी त्येंची व्होडी. मी म्हन्तो व्होडी न्हवं, पखाल हाय!"

"पखालीत पाणी आत असतं, नाथाजी. हिच्यात बाहेर असतं," तो हसून म्हणाला. "निदान कालपर्यंत तरी बाहेर होतं."

बांबूच्या कांब्यांचा सांगाडा आणि त्यावर लष्करी तंबूचं कापड, त्याला डांबर फासलेलं. कापडाची होडी! दोघांपुरती, एकापुढे एक बसायची. वल्हंसुद्धा एकच, पण दोन्ही टोकांना पानं असलेलं. चारू बघतच राहिली. कापडात बसून नदी ओलांडायची?

पण पलीकडे बाबा आता पोरगी नाही म्हणून छाती पिटत असतील. आत्या तर महादेवालाच धारेवर धरेल. आणि ह्या परक्या पुरुषाबरोबर एकटीनं...

साळूबाईनं तिच्या मनातलं वाचलं. "जा बिनघोर. लेकीवानी नेतूय का न्हाई, म्या हितनं डोळ्यात त्याल घालून बगते. ओ आगबोटवाले, समोरची धार कापडाला झेपायची न्हाई, मागल्या अंगानं न्या. आन् तिला बोलवू नगा. मौन हाय तिचं."

"मौन?" त्याचे डोळे चमकले. "वा! म्हणजे आज पहिल्यांदाच कुणीतरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेणार."

मग काष्टा सावरत, परडी छातीशी धरून चारू पुढच्या जागेवर बसली. पाय लांब पसरायचे, पाठ ताठ. तो मागे बसला. होडी पाण्यात सरकली. मांडीखाली एका कापडापलीकडे आख्खी कृष्णा वाहत होती. थंडगार, जिवंत. गाईच्या पोटावर हात ठेवावा तशी हलत होती.

"एवढं करा, वळून बघू नका," मागून आवाज आला. "वळलात की आपण दोघं आंघोळीला. हो म्हणायचं असेल तर मान खालीवर करा, नाहीतर आडवी. तुमच्या वेणीतली शेवंती मला सगळं सांगेल. भीती वाटतेय?"

शेवंती खालीवर झाली.

"मलाही. दोन माणसं घालून आजच पहिल्यांदा काढलीय."

चारू दचकून वळणार, तोच होडी डुचमळली. "वळू नका म्हटलं ना!" तो हसत होता. काय मेला माणूस तरी!

पण वल्हं चालवावं ते त्यानंच. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे... पाण्याला जखमही होत नव्हती. बेटाचा मागचा काठ जवळ येत गेला. काळ्या खडकांच्या उतरंडी, त्यांच्यात अडकलेली पुराची वाळकी लव्हाळी, आणि मध्ये मध्ये बोटभर बेटुकल्या, प्रत्येकीवर एकेक बगळा मालकासारखा उभा. एका खंड्यानं निळी रेघ मारल्यासारखी बुडी घेतली. वारा पडला. पाणी इतकं निवांत झालं, की आकाश खाली उतरून बसल्यासारखं वाटलं.

"ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर असल्या होड्यांतून हिंडलोय," तो म्हणाला. "तिथं खाड्याच खाड्या, बेटंच बेटं. पण तिकडं कधी वेणीत शेवंती घातलेली मौनीबाई भेटली नाही."

शेवंती हललीच नाही. फक्त कानाची पाळी लाल झाली. ती त्याला मागून दिसत असेल ह्या विचारानं आणखी लाल झाली.

"रागावलात?"

...आडवी.

"मग एक विचारतो. तुमची ना ओळख, ना पाळख, आणि तुम्ही उलट बोलणार नाही. असं माणूस पुन्हा कुठं मिळायचं? उद्या मला इस्लामपूरला एक मुलगी बघायला जायचंय."

चारूचे हात परडीवर घट्ट झाले.

"कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी आहे म्हणे. आई वाईला असते, तिनंच ठरवलं. आणि ती मुलगी मी नापसंत करून येणार आहे."

कृष्णेचं पाणी वाहायचं थांबलं. निदान चारूला तरी तसं वाटलं. इस्लामपूरच्या कचेरीत हेडक्लार्क एकच. विष्णुपंत. तिचे बाबा.

हा... हाच तो! चिंतामण! वाईचे, मुंबईला सरकारी नोकरी, पगार चांगला. आत्यानं आणलेलं स्थळ. आणि हा न बघताच नाही म्हणणार!

त्याला काय ठाऊक? दोन स्थळं आधीच परत गेली होती. एकाची पत्रिका जमली नाही, एकाचा हुंडा. त्यावर बाबांनी परवा पानसुपारी करता करता सांगून टाकलं होतं: "हे शेवटचं. ह्यांनीही नाही म्हटलं, तर तुळशीचं लग्न लागलं की कराडच्या वकिलांना होकार कळवतो." कराडचे वकील बिजवर, आषाढापासून मागणी घालून बसलेले. त्यांची थोरली मुलगी चारूएवढी. चारूनं महादेवापुढे चार महिने तोंड मिटून मागितलं होतं ते एवढंच, की देवा, त्या घरात मला आई म्हणून पाठवू नकोस.

आणि देवानं समोर आणून बसवलं... नव्हे, पाठीमागे आणून बसवलं, ते ह्याला!

"मुलीचं काही वाईट नाही हो," तो वल्हं मारत सांगत होता. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "मी नोकरीत नाही. फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात आम्ही आरमारातल्या खलाशांनी जेवण नाकारलं, निशाणं उतरवली, ते ऐकलं असेल तुम्ही. त्यात मी होतो. मला काढून टाकलं. आणि त्या मध्यस्थ बाईंनी मुलीच्या वडिलांना सांगून ठेवलंय, की मी अजून चाकरीत आहे! खरं सांगावं तर त्या म्हाताऱ्या बाई खोट्या पडतात. खोटं ठेवावं तर ती मुलगी फसते. म्हणून आपलं 'मुलगी पसंत नाही' म्हणायचं आणि उठायचं. एका शब्दात सगळे मोकळे. बरोबर ना?"

एका धक्क्यातून सावरावं तोवर दुसरा. मध्यस्थ बाई म्हणजे गोदाआत्या! तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः घोट न घेणारी, सहस्रनामाशिवाय चूल न पेटवणारी आत्या... खोटं बोलली? सख्ख्या भावाशी?

"बरोबर ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

शेवंती आडवी हलली. पुन्हा हलली. इतकी हलली, की दोन पाकळ्या पाण्यात पडल्या.

"बरोबर नाही?" त्याचं वल्हं थांबलं. "का?"

सांगायचं कसं? शब्द दातांमागे येऊन धडका देत होते. एक वाक्य बोललं की झालं. चार महिन्यांचा नेम एका वाक्यात पाण्यात. तिनं दात आवळले. डोळ्यांतून मात्र पाणी ओघळलं, आणि पाठीमागच्या माणसाला ते दिसणार नव्हतं, हेच बरं होतं.

पण खांदे दिसत होते.

"अहो... रडताय?" तो घाबरलाच. "मी काही वावगं बोललो का? थांबा, थांबा, तुम्हाला एक गंमत दाखवतो. पावसाळाभर ही कपार पाण्याखाली असते. आठ दिवस झाले उघडी पडून. माझ्याशिवाय कुणी आत गेलं नसेल अजून. मान वाकवा!"

होडीचं नाक एका खडकाच्या फटीत शिरलं. अंधार. गारवा. वरून कपारीचं छत इतकं खाली आलेलं, की चारूनं डोकं गुडघ्यांशी नेलं. मग एकदम ते उंच झालं. आत गाभाऱ्याएवढी जागा. पाणी स्थिर, हिरवट. मागच्या फटीतून आलेलं ऊन पाण्यावर आपटून छतावर थरथरत होतं, जणू कुणी खालून शेकडो निरांजनं ओवाळत होतं. आणि समोर हाताच्या अंतरावर, खडकाच्या पायरीवर, पाण्याच्या धारेनं गुळगुळीत झालेली पिंड!

चारूनं परडी मांडीवर ठेवली.

कपारीतून झिरपणारा एकेक थेंब पिंडीवर पडत होता. अभिषेक चालू होता. कुणी पुजारी नाही, घंटा नाही. सगळा पावसाळा देव इथं पाण्याखाली एकटा बसला होता.

तिनं परडीतलं त्रिदळ उचललं, डोळ्यांना लावलं, पिंडीवर वाहिलं. हात जोडले. क्षणभर सगळं विसरली, कराड, नोकरी, सगळं. मग डोळे उघडले, आणि मान न वळवता, अगदी हळू पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"त्या मुलीला नापसंत केलंत, तर तिला कराडच्या बिजवराला देणार आहेत."

वल्हं धप्पकन पाण्यात पडलं.

"कोण... कोण बोललं?"

"मी. बेल वाहिला, मौन सुटलं."

"पण तुम्हाला कसं ठाऊक, की तिला..."

"ती मीच आहे."

होडी अशी डुचमळली, की दोघांनी दोन बाजूंच्या खडकांना धरलं म्हणून वाचली. टप्... टप्... पिंडीवरचं पाणी पडतच होतं.

"अरे देवा," तो म्हणाला.

"तो समोरच आहे. त्यालाच विचारा, आता काय करायचं ते."

"तुम्ही इतका वेळ ऐकत होतात! आणि मी मूर्खासारखा... शेवंती काय, मौनीबाई काय..."

"तेवढं काही वाईट नव्हतं," चारूच्या तोंडून निघून गेलं. अंधार होता म्हणून बरं.

मागे तोही हसला असावा. मग हळूच म्हणाला, "चारुशीलाबाई, आता मला 'पसंत नाही' म्हणता यायचं नाही. ते आता खोटं होईल."

ती काही बोलली नाही. मौन सुटूनही.

"पण खरं सांगितलं, तर तुमचे वडीलच मला उठवून लावतील. सरकारी माणूस. मी सरकारनं हाकललेला."

"उठवून लावतील," तिनं कबूल केलं. "ऐकूनच घेणार नाहीत. पहिल्या वाक्याला उठून जातील." आणि मग तिला सुचलं. सुचलं तशी तिची तीच चरकली. सोज्वळ घरातल्या मुलीच्या मनात असं येतं तरी कसं! "चिंतामणराव, तुम्ही आज आमच्या पंगतीला बसा. बाबांनी आपोष्णीचं पाणी घेतलं, की मग सांगा."

"म्हणजे?"

"पानावर बसलं की हात धुवेपर्यंत बाबा बोलत नाहीत. लग्नाआधीपासूनचा नेम. पंगत आटपल्याशिवाय उठायचं नाही, आणि मध्येच शब्द बोलला तर घास सोडायचा, दिवसभर उपास. तुमचं सगळं त्यांना ऐकावंच लागेल."

तो थक्क झाला. मग म्हणाला, "आमच्या आरमारात एवढी अक्कल असलेला कप्तान असता ना..."

"वल्हं घ्या," चारू म्हणाली. "तरंगत चाललंय."

बेटावर एकच आकांत चालला होता. विष्णुपंत काठावर येरझाऱ्या घालत होते, गोदाआत्या भिजल्या डोळ्यांनी जप करत होती. खडकामागून कापडी होडी आली तेव्हा आत्याच्या हातातली जपमाळ तशीच राहिली. ती पोरीला बघून नव्हे, मागच्या माणसाला बघून!

"तू? अरे, उद्या यायचास ना!"

"कोण हे?" विष्णुपंत कडाडले. "आणि चारू, तू ह्यांच्याबरोबर, एकटी..."

"दादा, हे... हे वाईचे चिंतामणराव. आपले उद्याचे पाहुणे."

विष्णुपंतांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. "असं होय! वा, वा! म्हणजे आमच्या मुलीला तुम्हीच सुखरूप आणलंत! या, या. जेवायला बसा. आवळीखाली पंगत आहे. रजा किती दिवसांची?"

चिंतामण म्हणाला, "पानावर बसल्यावर सांगतो."

आवळीच्या बारीक पानांतून ऊन पानांवर सांडत होतं. वरण, भात, अळूची भाजी, आवळ्याची चटणी, गव्हल्यांची खीर. पुरुषांची पंगत बसली. चित्राहुती घातल्या, आपोष्णी झाली. विष्णुपंतांचे ओठ मिटले. चारू तूप वाढत होती.

"विष्णुपंत," चिंतामण म्हणाला, "मला रजा नाही. मला नोकरीच नाही."

घास तोंडाशी थांबला.

"बोटीवर गोऱ्यांचं पान वेगळं होतं, आमचं वेगळं. आमच्या डाळीत खडे. तक्रार केली की शिव्या. एक दिवस आम्ही म्हटलं, असलं अन्न जेवणार नाही. पुढचं तुम्ही ऐकलं असेल. मी कोठडीत होतो. अधिकारी म्हणाला, माफी लिहून दे, ठेवून घेतो. मी दिली नाही. आज मी नदीकाठच्या मळ्यांतली तेलाची इंजिनं दुरुस्त करतो. हात काळे होतात. पण पोट भरतं. आणि आईलाही पोसतो."

"हूंऽऽ!" विष्णुपंतांचा चेहरा लालबुंद झाला. डावा हात रागानं गोदाआत्याकडे वळला. हे काय? हे काय आणलंस तू?

आत्याच्या हातातलं भाताचं पातेलं खाली आलं. ती कधी मोठ्यानं बोलत नसे. तेव्हाही नाही बोलली.

"दादा, खोटं मी बोलले. चारूसाठी. देवापुढे रोज नाक घासतेय त्याबद्दल." ती क्षणभर थांबली. "मला बारा वर्षांची असताना कुणाला दिलं होतं, आठवतंय ना? पदरात त्यांची मुलं आली आणि दोन वर्षांत कुंकू गेलं. वडिलांना मी तोंड वर करून बोलले नव्हते. आज बोलते. माझं झालं तेवढं बास झालं."

चारूच्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. आत्या बिजवराला दिलेली होती, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

विष्णुपंत पानाकडे बघत राहिले. घास हातातच. भातावरचं तूप थिजत चाललं. मग त्यांनी तो घास हळूच पानाच्या कडेला ठेवला, आणि बोलले.

बोलले! पानावर! शेजारणीच्या हातून वाटी निसटली.

"इंजिनं... रोज मिळतात का दुरुस्तीला?"

"उसाच्या दिवसांत श्वास घ्यायला सवड नसते," चिंतामण चाचरत म्हणाला.

"तीस वर्षं मी सरकारचं अन्न गप्प बसून खाल्लं," विष्णुपंत म्हणाले. आवाज घोगरा होता. "बेचाळीस साली समोरून पोरांना दोरखंड लावून नेत होते, तेव्हाही. खडे मलाही लागले असतील हो. मी गिळले." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ते तिच्याकडे असं कधी बघत नसत. "गोदे, कराडला मी नकार कळवतो." आणि शेजारच्या पानाकडे वळून, "मुलगी दिली. आता जेवा. पानावर बसलेल्यानं उपाशी उठू नये. मी बसतो तुमचं होईतो."

स्वतःचं पान त्यांनी मिटलं. सगळी पंगत अवाक्. मग कुणीतरी पुटपुटलं, "महादेवा!" आणि एकदम सगळ्यांना बोलायला सुचलं. गोदाआत्या पदरात तोंड खुपसून आवळीला टेकली होती.

चिंतामण उठून त्यांच्या पाया पडायला निघाला, तेव्हा विष्णुपंतांनी हातानंच दटावून त्याला खाली बसवलं. भरल्या पानावरून उठतात का! तो बिचारा नुसता बसला, जेवायचं कसं असतं तेच विसरल्यासारखा.

वाढता वाढता चारू त्याच्यापाशी आली. वाकली. तुपाची धार भातावर सोडली. वर बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. उजेडात, समोरासमोर. रापलेला चेहरा, नाकाच्या शेंड्यावरचं डांबर अजून तसंच.

"आषाढापासून मागत होते तुम्हाला," ती त्यालाच ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली, "कुठं होतात इतके दिवस?"

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. आणि चारू... आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून ती इतकी दचकली, की तुपाची वाटी तशीच घेऊन शेजारच्या पानाला वगळून, त्याच्या पलीकडच्या पानालाही वगळून, थेट पंगतीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.